ओल धरलेली मिरची आणि रविवारचं शुभवर्तमान

मी मूळची सावंतवाडीची. लग्न होऊन गोव्यात शिवोलीला आले आणि दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरची नि कोकमाची सोलं विकायला बसते. इथे आल्यावर पहिली अडचण मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची झाली. सगळं कोंकणीत, पुस्तकं रोमी (इंग्रजी अक्षरांच्या) लिपीत आणि माझी शाळा मराठीतली. कान देऊन ऐकलं तरी शुभवर्तमान, म्हणजे मिस्सेत वाचतात तो येशूच्या चरित्रातला उतारा, आत उतरत नव्हतं. माझ्यासारख्या आणखीही असतील, त्यांच्यासाठी लिहिते.

शनिवारी जेवणं उरकली की दुसऱ्या दिवशीचं शुभवर्तमान मराठी बायबलमधून वाचून ठेवा. उतारा कुठला ते फादरना विचारा. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात चालतात: शुभवर्तमानाच्या चार पुस्तकांपैकी एक वर्ष मत्तय, मग मार्क, मग लूक, आणि योहान मधूनमधून. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. एकच वाक्य मनाशी धरा आणि आठवडाभर तेच घोळवा. मराठीत प्रार्थना केली तर कमी पडते की काय, असं मला आधी वाटायचं. मग कळलं की फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण, येशूची कथा सांगणारं, मराठी ओव्यांत आहे आणि ते १६१६ साली इथेच राशोलला छापलं गेलं. तेव्हापासून निर्धास्त आहे.

आता कामाचं. श्रद्धेची परीक्षा मला चर्चपेक्षा वजनकाट्यापाशी जास्त होते. पावसाळ्यात मिरची हवेतली ओल ओढते. चांगली सुकलेली मिरची वाकवली की कडकन मोडते, आत बी खुळखुळतं. ओल धरलेली नुसती लवते, बोटाला गार लागते आणि वजनाला भरते. गिऱ्हाइकाला ते कळत नाही, मला कळतं. किती तरी वर्षं मी तशीच विकली. मग एका शनिवारी बायबलच्या लेवीय पुस्तकातलं १९:३६ वाचनात आलं, खऱ्या तराजूचं आणि खऱ्या वजनांचं. आता मी चुलीच्या उबेला सूप ठेवून मिरची सुकवते. नाहीच सुकली तर सांगून भाव कमी लावते. तुमच्या कामातही अशी एखादी जागा असेल, जिथे फक्त तुम्हालाच कळतं. सुरुवात तिथूनच करा.

रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, वेगळा वेळ मिळत नसेल तर बसमध्ये म्हणा. मी तसंच करते.

रात्री दिवा घालवण्याआधी पाच मिनिटं दिवस तपासा. ही रीत संत इग्नाशियस यांची. जुन्या गोव्यात ज्यांच्या नोव्हेनाला (नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) आपण जातो त्या फ्रान्सिस झेवियर यांचे ते सोबती. आधी देवाचे आभार. मग सकाळपासूनचा दिवस आठवा: कोणाशी काय बोलले, कुठे राग आला, कुठे देव जवळ वाटला. चुकलं त्याची क्षमा मागा आणि उद्याची एकच गोष्ट ठरवा. पाच ठरवल्यात तर एकही होत नाही.

या तपासणीत माझ्यापुढे रोज एकच गोष्ट यायची. कुंपणावरच्या माडाच्या नारळांवरून थोरल्या जाऊबाईंशी चार वर्षं बोलणं बंद होतं. मत्तय ५:२३-२४ सांगतं की भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेवा आणि आधी जाऊन समेट करा. मी मात्र दर रविवारी मिस्सेत कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेऊन त्यांच्या दारावरून मान खाली घालून यायची.

तुम्हालाही असं जायचं असेल तर सणाची वाट पाहू नका. कामाच्या दिवशी, एकट्या जा. कोण बरोबर होतं याचा हिशेब काढू नका. मी एका डब्यात सोलं घेऊन गेले आणि दारातच म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं." त्या काहीच बोलल्या नाहीत. डबा घेऊन आत गेल्या. मी उभीच. थोड्या वेळाने डबा परत आणला, त्यात उकडे तांदूळ होते. म्हणाल्या, "बस गो. चहा ठेवलाय."