खानापुरातील घरी स्मार्ट प्लग आणि दिवे जुळवताना

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे आमच्या घरी घेतलेला स्मार्ट प्लग (मोबाइलवरून चालू-बंद करता येणारा प्लग) वाय-फायला जोडलाच जात नव्हता. अशी बहुतेक उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि आमचा राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड एकाच नावाने दाखवत होता; सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावे देऊन मोबाइल २.४ च्या नावाला जोडला, तेव्हा प्लग लगेच सुरू झाला.

खरेदीपूर्वी खोक्यावर ‘मॅटर’चे चिन्ह अवश्य पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. २०२२ साली आलेल्या या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच अ‍ॅपमधून चालवता येतात. मात्र त्यासाठी घरात मॅटर कंट्रोलर, म्हणजे या उपकरणांना जोडून चालवणारा स्मार्ट स्पीकर किंवा हबसारखे साधन, असावा लागतो.

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतो, म्हणून त्यासाठी १६ अँपिअरचाच प्लग घेतला. स्मार्ट स्विच बसवायचा असल्यास जुन्या बोर्डात न्यूट्रल तार आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते आणि ती परत आली की, मध्यरात्रीसुद्धा, स्मार्ट दिवे आपोआप लागत असत; अ‍ॅपमध्ये ‘वीज आल्यावर पूर्वीची स्थिती’ या अर्थाचा पर्याय निवडल्यावर हा प्रकार थांबला.