घरच्या पोहण्याच्या तलावाचा फिल्टर : धुवावा कधी आणि कसा

नाशिकजवळ गिरणारे रस्त्याला आमच्या मळ्यातील घरामागे ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असा छोटा पोहण्याचा तलाव आहे. तो बांधून झाला त्या पहिल्या उन्हाळ्यात मळ्याची देखभाल करणारे काका रोज सकाळी नेमाने फिल्टर बॅकवॉश करत, म्हणजे पाणी उलटे सोडून धूत, आणि तरीही पाण्याला दुधाळ झाक असे. “साहेब, रोज धुतो, तरी तळ दिसत नाही,” ही त्यांची तक्रार खरी होती. आमच्या लक्षात यायला उशीर झाला तो एवढाच, की रोज धुतल्यामुळेच तळ दिसत नव्हता.

नाशिक परिसरातील घरगुती तलावांना बहुधा वाळूचा फिल्टर असतो. त्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या कणांची चाळलेली सिलिका वाळू असते. पंप पाणी वरून ढकलतो, ते वाळूच्या थरातून खाली झिरपते आणि तळाशी असलेल्या बारीक फटींच्या नळ्यांमधून तलावात परत जाते. नुकतीच धुतलेली वाळू साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण अडवते; त्याहून बारीक कण दाण्यांमधील पोकळीतून निसटतात. पहिले काही दिवस अडकलेला मळच या पोकळ्या थोड्या बुजवतो आणि मग वाळू अधिक बारीक गाळू लागते. म्हणजे किंचित मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा चांगले काम करते, आणि रोज बॅकवॉश करणारा माणूस हे काम सुरू होण्याआधीच मोडत असतो. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ तर इतकी बारीक असते की कोऱ्या वाळूला ती जवळजवळ अडतच नाही.

म्हणून फिल्टर तारखेवर धुवू नये, काट्यावर धुवावा. वाळूच्या टाकीवर पाण्याची वाट बदलणारा, हँडल असलेला वॉल्व्ह असतो; त्याच्या बाजूला किंवा टाकीच्या डोक्यावर दाबाचा छोटा गोल मापक असतो. बॅकवॉश झाल्यानंतर पंप सुरू करून दोन मिनिटांनी काटा कुठे स्थिर होतो, तो आकडा पंपाच्या खोलीतील भिंतीवर खडूने न लिहिता ऑइल पेंटने लिहावा, कारण खडू तिथल्या दमटपणात आठवडाभरही टिकत नाही. आमच्याकडे हा आकडा ०.८ किलो आहे; मापकावर तो किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतो, मिस्त्री नुसते ‘किलो’ म्हणतात. या स्वच्छ दाबापेक्षा काटा अर्धा ते पाऊण किलोने, म्हणजे ८ ते १० पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच) वर गेला की बॅकवॉश करावा, त्याआधी नाही. पंप बंद असताना काटा शून्यावर येतो का हे मधूनमधून पाहावे. तो शून्यावर येत नसेल तर मापकच बिघडला आहे असे समजावे आणि काही शे रुपयांचा नवा मापक बसवावा, कारण पुढची सगळी देखभाल त्याच्यावरच अवलंबून आहे.

प्रत्यक्ष बॅकवॉश हे पाच-सात मिनिटांचे काम आहे, पण त्यातील क्रम चुकवून चालत नाही. सर्वांत आधी पंप बंद करावा, आणि नुसत्या बटणावर न थांबता एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली पाडावा. आपल्याकडे शेतातील मोटारींना ‘ऑटो’ बसवण्याची सवय असते. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. तलावाच्या पंपालाही तसाच ऑटो जोडलेला असेल आणि हँडल अर्धवट फिरलेले असताना वीज आली, तर वॉल्व्हच्या आतील चाकाच्या आऱ्यांसारखे दिसणारे रबरी गास्केट जागेवरून उचलले जाते. पंपाचे झाकण उघडे असताना असे झाले तर ते जिवावरही बेतू शकते. पंप चालू असताना हँडल कधीही फिरवू नये, या एका नियमात निम्मी देखभाल आली.

पंप बंद झाल्यावर बाहेर जाणाऱ्या पाइपाचे तोंड मोकळे आहे, तो कुठे दुमडलेला नाही आणि त्यावर कोणता वॉल्व्ह असेल तर तो उघडा आहे, हे पाहावे. मग हँडल खाली दाबून ‘बॅकवॉश’वर आणावे, ते खाचेत नीट बसू द्यावे आणि पंप सुरू करावा. आता पाणी उलट्या दिशेने, खालून वर जाते. वाळू फुलते, उचलली जाते आणि तिच्यातील मळ सुटून बाहेर पडतो. वॉल्व्हवर लिंबाएवढी पारदर्शक काच असते, तिच्याकडे टक लावून पाहावे. पहिले काही क्षण पाणी साधेच दिसते, मग एकदम फिक्या चहासारखे होते, पुढे मधूनच हिरवट झाक येते, आणि दोन ते तीन मिनिटांत ते निवळते. निवळले म्हणून लगेच थांबू नये. आणखी वीस-तीस सेकंद चालू द्यावे, कारण बऱ्याचदा शेवटी मळाचा एक लोट पुन्हा येतो. त्यानंतर पंप बंद करून हँडल ‘रिन्स’वर न्यावे आणि अर्धा ते एक मिनिट पंप चालवावा. ही पायरी घाईत वगळली जाते आणि मग फुललेल्या वाळूतील उरलेला गाळ थेट तलावात जातो. पांढऱ्या टाइल्सवर तपकिरी ढग उमटताना पाहिला की चूक कळते. पुन्हा पंप बंद, हँडल ‘फिल्टर’वर, पंप सुरू, आणि टाकीच्या डोक्यावरील हवेची चावी किंचित सैल करून फुसफुस थांबून पाण्याची धार येईपर्यंत हवा जाऊ द्यावी. काटा भिंतीवरच्या आकड्याशी पडताळून पाहावा.

या धुण्यात पाणी किती जाते याचा हिशेब प्रत्येकाने एकदा मांडावा. तासाला ११ हजार लिटर देणारा पंप तीन मिनिटांत साधारण ५५० लिटर पाणी बाहेर टाकतो, आणि रिन्सचे साधारण नव्वद ते एकशे ऐंशी लिटर वेगळे. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्याला हा आकडा अधिक सांगावा लागत नाही. हे पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नये. आम्ही ते एका उघड्या हौदात घेतो, दोन-तीन दिवस उन्हात ठेवतो म्हणजे क्लोरीन उडून जातो, आणि मग नारळांना व कुंपणाच्या झाडांना देतो. द्राक्षाच्या वेलींना मात्र ते कधीही देऊ नये. क्लोरीन उडाला तरी क्लोराइड मागे राहते आणि ते वेलीला मानवत नाही, हे द्राक्ष बागायतदाराला सांगण्याची गरज नाही.

फिल्टरइतकेच महत्त्व त्याच्या आधी बसवलेल्या जाळ्यांना आहे, पण त्यांचे काम सोपे असल्याने ते नेमके राहून जाते. काठावरच्या स्किमरमधील (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडातील) जाळी आणि पंपाच्या तोंडाशी असलेली केस-कचऱ्याची जाळी दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी. फाल्गुनात कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की रोज करावी. पंपाचे झाकण उघडण्यापूर्वी पंप तलावाच्या पातळीखाली असेल तर येणारे-जाणारे दोन्ही वॉल्व्ह बंद करावेत, नाहीतर तलाव पंपाच्या खोलीत उतरतो. जाळी आपटून साफ करू नये, तिला तडा जातो. झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, ओल्या फडक्याने पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. घरात असलेली व्हॅसलीन लावण्याचा मोह टाळावा, कारण पेट्रोलियमने रबर फुगते आणि सैल पडते.

काटा नीट वाचता आला तर निम्मे बिघाड मिस्त्री येण्याआधीच कळतात. दाब चढला तर अडथळा फिल्टरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. दाब उतरला तर दोष फिल्टरच्या मागे आहे, म्हणजे जाळी भरली आहे, तलावाची पातळी स्किमरच्या तोंडाखाली गेली आहे, किंवा झाकणाच्या ओ-रिंगमधून पंप हवा ओढतो आहे. तेव्हा परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसतात. बॅकवॉश करूनही दाब मूळ आकड्यावर येत नसेल तर वाळू घट्ट झाली आहे. ‘फिल्टर’वर असतानाही बाहेरच्या पाइपातून पाणी ठिबकत असेल तर आतील गास्केट झिजले आहे, आणि पातळी रोज का उतरते या कोड्याचे उत्तर अनेकदा त्या ठिबकण्यातच असते. तलावात येणाऱ्या पाण्याच्या तोंडाखाली वाळूची छोटी रांगोळी दिसू लागली तर टाकीच्या तळाची एखादी नळी फुटलेली असते. तेव्हा नुसती वाळू भरत राहण्यात अर्थ नाही, टाकी रिकामी करूनच पाहावे लागते.

वर्षातून एकदा, शक्यतो थंडीत तलावाचा वापर कमी असताना, टाकी उघडून वाळू पाहावी. वरचा थर सपाट आणि मोकळा असावा. त्यावर खड्डे असतील तर पाण्याने स्वतःची वाट पाडली आहे आणि ते न गाळताच जात आहे. हात मनगटापर्यंत आत घालून बोटांनी चाचपावे. चिकणमातीचे गोळे किंवा खडीसारखे कठीण ढेकूळ लागले तर ते काढून टाकावेत. आमचा बोअर बेसाल्टच्या खडकातला आहे, पाणी जड आहे, त्यामुळे वाळूच्या दाण्यांना क्षार चिकटून त्यांचे खडे होतात. सामान्यतः वाळू पाच ते सात वर्षे टिकते. जड पाण्यात ती आधीच दगड होऊ शकते. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान राखला तर क्षार बसण्याचा वेग बराच कमी होतो, आणि तो वाढू देऊन नंतर फिल्टर अ‍ॅसिडने धुण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते.

वाळू बदलताना नदीची वाळू चाळून वापरण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. तिच्यात माती असते, दाणे लहानमोठे असतात, बारीक दाणे तळाच्या फटींतून निसटतात आणि मोठे काही गाळत नाहीत. टाकीवरील पट्टीत लिहिलेल्या वजनाइतकी, ०.४५ ते ०.५५ मिलिमीटरची सिलिका वाळूच आणावी. जुनी वाळू काढल्यावर तळाच्या नळ्या एकेक हाताने तपासाव्यात, मधल्या उभ्या पाइपाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी, टाकी निम्मी पाण्याने भरावी आणि मगच वाळू हळूहळू ओतावी, म्हणजे तिचा मार पाणी झेलते आणि नळ्या तुटत नाहीत. वाळू ओतून झाल्यावर पिशवी आठवणीने काढावी. नव्या वाळूची पहिली फेरी नेहमी बॅकवॉशची असावी, नाहीतर तिच्यातील भुकटी तलावात जाते.

काही छोट्या तलावांना कापडी घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर असतो. तो बाहेर काढून नळाच्या साध्या धारेने वरून खाली, घडीघडीतून धुवावा. गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने कापड फाटते. सनस्क्रीन आणि केसांच्या तेलाचा चिकटा आधी त्यासाठीच्या क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून काढावा आणि क्षारांसाठीचे अ‍ॅसिड त्यानंतरच वापरावे, कारण तेलावर अ‍ॅसिड पडले की तेल कापडात कायमचे बसते.

ऋतूंचा भाग थोडा वेगळा आहे. ऑक्टोबरातील छाटणीनंतर आसपासच्या द्राक्षबागांत भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी होते आणि वारा आपल्या दिशेचा असला की पाण्यावर पिवळसर साय धरते. या दिवसांत काटा एरवीपेक्षा लवकर चढतो, त्यात बिघाड काही नसतो. पावसाळ्यात बांधावरून गढूळ पाणी तलावात आलेच, तर ते फिल्टरने निवळण्याची वाट पाहू नये. तुरटीचे द्रावण पाण्यावर सगळीकडे शिंपडून हँडल ‘रिसर्क्युलेट’वर ठेवावे (म्हणजे पाणी वाळूतून न जाता नुसते फिरते), तासभर पंप चालवून बंद करावा आणि रात्रभर काही हलवू नये. सकाळी गाळ तळाशी साचलेला दिसतो. तो हँडल ‘वेस्ट’वर ठेवून व्हॅक्यूमने थेट बाहेर काढावा. हा चिकट गाळ वाळूतून ओढला तर तिचे ढेकूळ होतात. तुरटीने पीएच उतरतो, तो नंतर तपासून घ्यावा. कार्ट्रिज फिल्टरवर हा प्रयोग करू नये.

पंप किती वेळ चालवावा हे तलावाच्या पाण्यावरून काढावे. आमच्या तलावात सरासरी १.४ मीटर खोलीने ४५ हजार लिटर पाणी आहे, म्हणजे तासाला ११ हजार लिटरच्या पंपाने ते एकदा पूर्ण फिरायला चार तास लागतात. उन्हाळ्यात आठ तास, आणि कडाक्याच्या थंडीत चार तास पुरतात.

शेवटचा मुद्दा पंपाच्या खोलीचा. ती बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली खड्ड्यात असते आणि क्लोरीनचा डबा व अ‍ॅसिडचा कॅन तिथेच शेजारीशेजारी ठेवलेले असतात. ही दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू तयार होतो आणि तो अशा खड्ड्यात साचून राहतो. त्यामुळे दोन्ही वस्तू वेगवेगळ्या, जमिनीवरच्या हवेशीर जागी हलवाव्यात, खड्ड्याचे झाकण उघडून दहा मिनिटे थांबूनच खाली उतरावे आणि मृगाच्या आधी खड्ड्यातील पाणी उपसण्याची छोटी मोटार एकदा चालवून पाहावी. आमची मोटार एका जूनमध्ये चाललीच नाही, आणि पंपाचे वाइंडिंग (मोटारीतील तारांचे वेटोळे) पुन्हा भरून येईपर्यंत तलाव पंधरा दिवस बेडकांचा झाला होता.