निर्णयासाठी आलेला वैज्ञानिक अहवाल कसा पारखावा

अहवाल हाती आला की आधी लेखकांची नावे, त्यांची पदे आणि संदर्भसूचीची लांबी पाहावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मनावर घेऊ नये. नामवंतांची समिती आणि हजारभर संदर्भ यांमुळे अहवालाचा दबदबा वाढतो, दर्जा वाढतोच असे नाही. उपलब्ध संशोधनातून कोणता निष्कर्ष किती खात्रीने काढता येतो, हे निर्णयकर्त्याला सांगणे हे अशा अहवालाचे काम असते, आणि पारखायचे असते ते हे ‘किती’.

सुरुवातीला आपल्यापुढचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा आणि अहवालाने त्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे का, ते तपासावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात ठेवले, तेव्हा दोहोंचा धोका सारखाच आहे असा अर्थ अनेकांनी काढला. वास्तविक ते वर्गीकरण कर्करोगाशी असलेल्या कार्यकारणसंबंधाचा पुरावा किती भक्कम आहे एवढेच सांगते. धोका केवढा, हे सांगत नाही. रोजच्या दर ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, हा अंदाज त्याच संस्थेने वेगळा दिला होता. उत्तर बरोबर आणि प्रश्न भलताच, अशी गत असेल तर पुढच्या पायऱ्या चढण्यात अर्थ नाही.

त्यानंतर पुरावे कुठे शोधले, कोणते वगळले आणि का, हे निकष आधी ठरवून लिहिलेले आहेत ना, ते पाहावे. पद्धतशीर आढाव्यांसाठी, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने गोळा करून पारखणाऱ्या अहवालांसाठी, ‘अ‍ॅमस्टार-२’ ही १६ प्रश्नांची तपासणीसूची उपयोगी आहे. मात्र तिच्या उत्तरांची बेरीज करून गुण देऊ नयेत. ती करणाऱ्यांनीच तसे बजावले आहे, तरी लोक बेरीज करतातच.

खरी कसोटी लागते ती निष्कर्षाचा माग काढताना. सुरुवातीच्या काळात मी याच पायरीवर ठेचकाळलो. एका अहवालाच्या सारांशात ‘अनेक स्वतंत्र अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे’ असे वाक्य होते आणि त्यापुढे सात संदर्भ होते. मी ते वाक्य जसेच्या तसे माझ्या टिपणात उतरवले. पुढे कोणी हटकले म्हणून मूळ लेख काढून वाचले, तेव्हा लक्षात आले की पाच लेख उरलेल्या दोघांचा नुसता दाखला देत होते आणि ते दोघेही एकाच मोजमापावर उभे होते. सात साक्षीदार म्हणून ज्यांना मी मोजले, त्यांतल्या एकानेच घटना पाहिली होती. तेव्हापासून मी संदर्भ मोजत नाही, मूळ मोजमापे मोजतो.

दुसरा दगाफटका शब्दांचा. मूळ लेखात ‘संभवते’, प्रकरणात ‘दिसून येते’ आणि सारांशात ‘होते’, अशी क्रियापदे एकेक पायरीवर धीट होत जातात आणि कोणीही खोटे बोललेले नसते. आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी असल्याचे विधान आले. त्याचा उगम समीक्षित, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासलेल्या, संशोधनात नव्हता. एका संस्थेच्या अहवालामार्गे तो एका नियतकालिकातील बातमीपर्यंत जात होता. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने त्याबद्दल खेद व्यक्त केला. एवढ्या मोठ्या यंत्रणेतून असे वाक्य निसटू शकते, तर आपल्या टेबलावरच्या अहवालाने माग काढण्यातून सूट मागू नये.

माग उलटा काढावा. निर्णय ज्यांवर अवलंबून आहे असे दोन-तीनच निष्कर्ष निवडावेत, सारांशातून प्रकरणात, प्रकरणातून मूळ लेखात आणि तिथून थेट विदेपर्यंत, म्हणजे मूळ नोंदींपर्यंत, उतरावे, आणि प्रत्येक टप्प्यावरचे क्रियापद व आकड्याची व्याप्ती लिहून ठेवावी. खाली ‘२ ते ९’ असलेला आकडा वर ‘५’ होऊन बसला असेल, तर तो निष्कर्ष तिथेच अडवावा. याच वेळी शक्यता आणि खात्री वेगळ्या ठेवाव्यात. आयपीसीसीच्या परिभाषेत ‘संभाव्य’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘अतिसंभाव्य’ म्हणजे किमान ९० टक्के शक्यता. पुरावा किती चांगला आहे आणि त्यावर किती एकमत आहे, यावरून ठरणारी खात्री तिथे स्वतंत्रपणे नोंदवलेली असते. या दोहोंची सरमिसळ करणारा अहवाल मी परत पाठवतो, मग त्याचे आलेख कितीही देखणे असोत.

परीक्षणाबाबत एवढेच पाहावे की समीक्षकांचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरे वाचायला मिळतात का. ‘तज्ज्ञांनी तपासलेला’ या शिक्क्याला या आक्षेप-उत्तरांशिवाय किंमत नाही. लेखकांचे हितसंबंध जाहीर केलेले असावेत, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी संपूर्ण अहवालाला ‘उत्तम’ किंवा ‘सुमार’ असा एकच शेरा मारू नये. एकाच अहवालातला एक निष्कर्ष भक्कम आणि शेजारचा पोकळ असू शकतो. म्हणून निवडलेल्या प्रत्येक निष्कर्षापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: तो किती स्वतंत्र मोजमापांवर उभा आहे, वर येताना त्याची भाषा कुठे बदलली, आणि तो चुकीचा ठरला तर निर्णय बदलेल का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या निष्कर्षावर आणखी वेळ खर्चू नये.