तोंडावर बोलण्याआधी भांडण कशाचं ते बघा

हॉस्पिटलातल्या वॉर्डाची इनचार्ज म्हणून ड्यूटी-चार्ट मी लावते, त्यामुळे तक्रारी आधी माझ्याच टेबलावर येतात. "सिस्टर, आज मी तिला तोंडावर विचारणारच." विचार, पण काय विचारणार, ते आधी सांग, असं मी म्हणते.

संघर्ष म्हणजे दोघांच्या गरजा किंवा मतं एकमेकांच्या आड येणं. तो चकार शब्द न काढता वर्षानुवर्षं चालतो, रोज एकत्र डबा खाणाऱ्यांतही. आमनासामना म्हणजे त्यावर कुणीतरी समोर उभं राहून जाब विचारणं. त्याची वेळ आणि जागा आपण ठरवू शकतो. तो उरकला म्हणून संघर्ष मिटतोच असं नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये बर्लिनला चेकपॉइंट चार्ली या पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधल्या नाक्यापाशी अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे सुमारे १६ तास समोरासमोर उभे होते. मग आधी एक सोव्हिएत रणगाडा थोडा मागे सरला, मग एक अमेरिकन, आणि असं करत सगळे परतले. गोळी सुटली नाही. शहर दुभंगणारी बर्लिनची भिंत पडायला मात्र १९८९ उजाडलं.

म्हणून पहिलं काम: मनातल्या मनात माणूस बदलून पाहा. तिच्या जागी दुसरी कुणी असती तरी तक्रार राहिली असती का? रात्रपाळी संपते त्याच मिनिटाला सकाळची सुरू होते असं चार्टवर असेल, तर हँडओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सोपवणं, कुणाचंही घाईतच होणार. तिथे जाब कुणाला विचारता? दोन पाळ्यांमध्ये पंधरा मिनिटं सामाईक ठेवा, किंवा चार्ट लावणाऱ्याला (म्हणजे मलाच!) सांगा.

पण बाकी सगळ्या औषधाची नोंद करतात आणि एकच जण करत नाही, तर तिच्याशीच बोलायला हवं, तेही आजच. नोंद नसेल तर पुढची सिस्टर तोच डोस पुन्हा देऊ शकते.

बोलायचं ते एकटीला गाठून. राउंड चालू असताना नको, नातेवाइकांसमोर नको, आणि रात्रभर जागलेल्या माणसाशी तर नकोच. वाक्य साधं ठेवा: "काल रात्री दहाच्या इंजेक्शनची नोंद पेशंटच्या चार्टवर नाही. काय झालं?" "तू नेहमीच असं करतेस" म्हणालात की ती एक अपवाद काढून दाखवते आणि मग वाद 'नेहमी'वरच होतो. मागची उणीदुणी काढू नका. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. हे भल्याभल्यांना जमत नाही. समोरची दोन सेकंद थांबली की आपणच तिचं उत्तर देऊन मोकळे होतो.

न बोलण्यातही कमीपणा नाही. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या संघर्षाच्या अभ्यासकांनी संघर्ष हाताळण्याच्या पाच पद्धती मांडल्या, त्यांत टाळणं हीही एक आहे. कुणाची बोलायची ढब आवडत नाही, एवढंच असेल तर मी सोडून देते. समोरचा धमकावणारा किंवा अंगावर येणारा असेल तर एकटीने गाठू नका. लेखी तक्रार द्या आणि साक्षीला कुणीतरी ठेवा.

बोलणं झाल्यावर काय ठरलं ते दोघींनी एकदा मोठ्याने म्हणून घ्या, आणि पुढच्या आठवड्यात पेशंटचे चार्ट उघडून नोंदी पाहा. त्या नीट असतील तर विषय पुन्हा काढायचा नाही. नसतील तर या वेळी चार्ट समोर ठेवूनच बसा.