कातायचं ओलं लाकूड भेगा न पडता कसं वाळवावं

ओंडका कापला त्याच दिवशी दोन्ही तोंडांना मेण किंवा जाड ऑइलपेंट लावा. उद्यावर ढकलू नका. कापलेल्या तोंडातून पाणी बाजूंपेक्षा दहापट किंवा त्याहूनही वेगानं उडतं. केसाएवढी भेग पडली की वरून कितीही मेण थापा, ती मिटत नाही. तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो.

मग ओंडका उभा चिरा आणि वलयांच्या मधोमध असलेलं भेंड दोन्ही फाकांतून काढून टाका. लाकूड वाळताना वलयांच्या कडेकडेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच भेंडाच्या दिशेनं आकसतं. भेंड आत राहिलं की या ओढाताणीत लाकूड फुटणारच.

फाक लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, चढवून वाडग्याचा ढोबळ आकार काढा.

आता जाडी. माझे सुरुवातीचे कितीतरी वाडगे इथेच गेले. व्यासाचा दहावा हिस्सा ठेवायचा, म्हणजे 30 सेंमीच्या वाडग्याला 3 सेंमी. काठाला मी ती बरोबर ठेवायचो, पण तळाला ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून 5 सेंमी सोडायचो. काठ वाळून आकसायला लागायचा आणि ओला तळ जागचा हलायचा नाही. चार दिवसांत बुडाच्या वळणावर नखात अडकेल अशी भेग दिसायची. मी मात्र लाकडाच्या जातीला दोष देत बसायचो.

‘जाड ठेवा, म्हणजे फुटणार नाही’ असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. जाड लाकूड आतून ओलं राहतं आणि बाहेरून आवळत जातं. काठ, पोट, बूड, तिन्ही ठिकाणी कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावा. बोटांचा अंदाज बुडाशी हमखास चुकतो. वाडगा वाळताना लंबगोल होईल, होऊ द्या. आकार बदलला की ताण सुटतो. दहावा हिस्सा ठेवायचा तो पुन्हा गोल कातता यावा म्हणून.

पहिले दोन आठवडे सगळ्यात नाजूक. ऊन नको, पंखा नको, ओव्हन तर नकोच. वाडग्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना लाकडाच्या तंतूंची टोकं उघडी पडलेली दिसतील. खरखरीत आणि जरा गडद असतात. तिथे आतून-बाहेरून मेण चोळा. मग वाडगा कागदी पिशवीत घाला, तोंड दुमडा आणि सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

बुडावर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा. दर आठवड्याला त्याच काट्यावर तोला. बहुतेक वाडग्यांना काही महिने लागतात, घाई करू नका. लागोपाठ तीन वजनं सारखी आली की शेवटचं कातकाम करा. चार-पाच ग्रॅमनं जरी उतरत असेल, तरी वाडगा परत पिशवीत.