संशोधन प्रकल्प सुरू करण्यापूर्वीची पर्यावरणपूरक तयारी

प्रयोगशाळेत किती वीज, पाणी आणि प्लॅस्टिक लागणार, हे बऱ्याच अंशी प्रकल्पाच्या आखणीतच ठरून जाते. कोणते उपकरण घ्यायचे, कोणती पद्धत वापरायची आणि किती नमुने साठवायचे हे एकदा पक्के झाले, की पुढची काही वर्षे त्याच निर्णयांचा भार वाहावा लागतो. म्हणून ही तयारी अनुदानाचा प्रस्ताव लिहीत असतानाच हाती घ्यावी. खरेदीचे आदेश निघाल्यानंतर फारसे काही बदलता येत नाही.

सर्वांत आधी प्रयोगाचा आराखडा तपासावा. नमुन्यांची संख्या संख्याशास्त्राच्या जाणकाराशी बोलून ठरवावी, कारण ती अपुरी पडली तर निष्कर्ष अधांतरी राहतो आणि साऱ्या रसायनांसह, साऱ्या प्लॅस्टिकसह तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो. पर्यावरणाच्या याद्यांमध्ये ही बाब क्वचितच आढळते, पण माझ्या मते तिचे स्थान पहिले आहे: ज्या प्रयोगातून विश्वासार्ह उत्तर निघत नाही, त्याच्यावर खर्ची पडलेले सगळेच वाया जाते.

त्यानंतर आजची स्थिती मोजून ठेवावी. प्रयोगशाळेसाठी स्वतंत्र वीजमीटर नसेल, तर प्लगला लावायचे छोटे मीटर आणून मोठ्या उपकरणांचा निदान आठवडाभराचा वापर नोंदवावा. खरेदीची नोंदही सुरुवातीपासून नीट ठेवावी, कारण विद्यापीठांच्या कार्बन हिशेबात वीज आणि इंधनापेक्षा विकत घेतलेल्या वस्तू, प्रवास आणि कचरा यांचा वाटा अनेकदा मोठा निघतो.

उणे 80 अंश सेल्सिअसवर चालणाऱ्या डीप फ्रीझरकडे मात्र बारकाईने पाहावे. असे जुने यंत्र दिवसाला 20 युनिटपेक्षाही जास्त वीज घेऊ शकते, आणि तापमान उणे 70 वर आणले तर वापर साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने घटतो. बहुतेक नमुन्यांना हे तापमान चालते; शुद्ध केलेल्या डीएनएला तर अनेकदा उणे 20 देखील पुरते. तरीही बदल करण्यापूर्वी त्या फ्रीझरमध्ये ज्यांचे नमुने आहेत त्या प्रत्येकाची संमती घ्यावी, काही नाजूक नमुने वेगळे ठेवावे लागतील का हे विचारावे, आणि धोक्याच्या घंटेची तापमानमर्यादाही नव्याने ठरवावी, नाहीतर ती विनाकारण वाजू लागते आणि कोणीतरी वैतागून सेटिंग पुन्हा उणे 80 वर नेऊन ठेवते. दारालगतचा बर्फ खरवडून काढावा, दाराचे रबर हाताने चाचपून कुठे फाटले आहे का ते पाहावे आणि हवेच्या जाळीवरची धूळ झाडावी. बर्फामुळे दार नीट बसत नाही आणि कॉम्प्रेसर अखंड धावत राहतो. प्रत्येक खणाचा नकाशा दारावरच चिकटवावा, म्हणजे नमुना शोधताना दार उघडे राहत नाही. डब्यावर नाव आणि तारखेबरोबर नमुना कधीपर्यंत ठेवायचा तेही लिहावे. नव्या फ्रीझरची मागणी नोंदवण्यापूर्वी ही झाडाझडती पूर्ण व्हावी, कारण कित्येकदा मालक ठाऊक नसलेले डबे काढल्यावर हवी तेवढी जागा तिथेच मिळते. तरीही नवा घ्यावाच लागला, तर हायड्रोकार्बन शीतकावर (थंडावा निर्माण करणाऱ्या वायूवर) चालणारा निवडावा.

फ्यूम हूडबाबत, म्हणजे घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या, पुढे सरकती काच असलेल्या कपाटाबाबत, देखभाल विभागाला एक प्रश्न आवर्जून विचारावा: काच खाली केल्यावर त्यातून जाणारी हवा खरोखर कमी होते का? हवेचा प्रवाह बदलता येणाऱ्या हूडमध्ये काच खाली ठेवल्याने मोठी बचत होते, कारण बाहेर फेकली जाणारी हवा आधी वातानुकूलित केलेली असते. स्थिर प्रवाहाच्या हूडमध्ये विजेची बचत जवळजवळ होत नाही, पण सुरक्षेसाठी काच खालीच हवी. बचतीच्या नावाखाली सुरक्षेत कोणतीही तडजोड करू नये.

प्लॅस्टिकचा प्रश्न किती मोठा आहे, याचा एक अंदाज एक्सिटर विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये नेचर नियतकालिकात मांडला होता: जगभरातील जीवशास्त्रीय, वैद्यकीय आणि कृषी संशोधनातून 2014 या एका वर्षात सुमारे 55 लाख टन प्लॅस्टिक कचरा निघाला असावा. आपल्या प्रयोगाच्या प्रत्येक पायरीपुढे लागणाऱ्या टिप (द्रव मोजून घेणाऱ्या पिपेटची प्लॅस्टिकची टोके), नळ्या आणि प्लेट लिहून काढाव्यात; लहान नळी कुठे चालेल, एकच टिप कुठे पुन्हा वापरता येईल आणि काचेचे भांडे कुठे पुरेल हे त्यावरून दिसते. जिथे दूषित होण्याचा धोका आहे तिथे हा हट्ट धरू नये. संसर्गजन्य कचऱ्याच्या पिशवीत स्वच्छ वेष्टने जाणार नाहीत, अशा जागी वेगळा डबा ठेवावा.

रसायनांच्या निवडीसाठी पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी 1998 मध्ये मांडलेली हरित रसायनशास्त्राची 12 तत्त्वे जवळ असावीत. त्यांतले पहिलेच तत्त्व कचरा निर्माण होण्याआधी टाळण्याचे आहे. द्रावकांमध्ये हेक्सेनऐवजी हेप्टेन चालेल का, डायक्लोरोमिथेन टाळता येईल का आणि वाफ थंड करून तिचा द्रव करणाऱ्या कंडेन्सरला नळाच्या वाहत्या पाण्याऐवजी फिरते पाणी किंवा हवा पुरेल का, हे लहान प्रमाणावर आधीच तपासून घ्यावे.

संगणकीय काम असेल, तर मोठी गणना सुरू करण्याआधी विदेच्या (डेटाच्या) छोट्या तुकड्यावर चूक शोधावी.

शेवटी जबाबदारी नावानिशी ठरवावी. हे काम बहुधा सर्वांत नव्या संशोधक विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते आणि तो गेला की बंद पडते. त्याऐवजी कायमस्वरूपी कर्मचाऱ्याच्या वेळेत त्याची तरतूद असावी आणि प्रयोगशाळा सोडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नमुन्यांची व रसायनांची यादी सोपवल्याशिवाय त्याला ना-हरकत पत्र देऊ नये.