टास्कबार अडकला? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच आणि हात अनेकांचे. सकाळी मॅनेजर पावत्या काढतात, संध्याकाळी खजिनदार काकू हिशेब बघतात, रविवारी कमिटीतलं कोणीतरी नोटीस टाइप करतं. मग कधीतरी खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, अडकून बसतो. स्टार्ट दाबलं तरी काही उघडत नाही, घड्याळ पुढे सरकत नाही. दुरुस्तीवाल्याला फोन लावला की हमखास ऐकू येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." एवढ्यासाठी फॉरमॅट मारणं मला अजिबात पटत नाही. बॅकअप नीट घेतलेला नसेल तर वर्षानुवर्षांचा हिशेब त्यात जातो, आणि दुखणं बहुतेक वेळा दोन मिनिटांचं असतं.

आधी अडकलेली पट्टी सोडवा

१. वर्ड-एक्सेलमध्ये काम चालू असेल तर कंट्रोल आणि एस दाबून सेव्ह करा.

२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी छोटी दिसली तर तिच्यातल्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा.

३. यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडा.

पट्टी क्षणभर नाहीशी होईल आणि परत येईल. घाबरू नका. टास्कबार आणि डेस्कटॉप हा एक्सप्लोररच सांभाळतो, त्यामुळे तेवढाच भाग नव्याने सुरू होतो. उघडे फोल्डर मात्र बंद होतात, आणि पेन ड्राइव्हवर कॉपी चालू असेल तर ती अर्धवट राहते. तेवढी आधी पूर्ण होऊ द्या.

यादीत एक्सप्लोरर दिसतच नसेल तर तो बंद पडलेला आहे. टास्क मॅनेजरमध्येच 'रन न्यू टास्क' घ्या, इंग्रजीत explorer असं टाइप करा आणि एंटर दाबा.

एवढ्यानेही भागलं नाही तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. लक्षात घ्या, रीस्टार्ट म्हणतोय, शट डाउन नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. बिघाडही त्याच्याबरोबर परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पट्टी दिसतच नाही

माउस स्क्रीनच्या अगदी तळाशी न्या. पट्टी वर आली तर 'ऑटोमॅटिकली हाइड' चालू आहे. पट्टीवर राइट क्लिक करून 'टास्कबार सेटिंग्ज'मध्ये ते बंद करा. ब्राउझर उघडा असताना पट्टी गेली असेल तर एफ ११ दाबून बघा, चुकून फुल स्क्रीन झालेलं असतं. विंडोज १० मध्ये पट्टी ओढली जाऊन बाजूला किंवा वर जाऊन बसते. तिथे सेटिंग्जमधून जागा 'बॉटम' करा आणि 'लॉक द टास्कबार' चालू ठेवा. ज्या कॉम्प्युटरवर मुलंही बसतात, तिथे हे कुलूप हवंच.

आता कामाप्रमाणे मांडणी

२०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि स्टार्ट बटण मधोमध गेलं. ते डावीकडे हवं असेल तर टास्कबार सेटिंग्ज, मग 'टास्कबार बिहेवियर्स', मग 'अलाइनमेंट'मध्ये 'लेफ्ट'. विजेट्स वापरत नसाल तर तेही इथेच बंद करा.

याच पानावर आणखी एक पर्याय आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच. काकूंच्या समोर एकाच वेळी मेंटेनन्सची, पाणीबिलाची आणि थकबाकीची अशा एक्सेल फाइल्स उघड्या असतात. पट्टीवर मात्र हिरवं एक्सेल एकच दिसतं आणि पावतीचा आकडा भलत्याच फाइलमध्ये जातो. 'कम्बाइन टास्कबार बटन्स' इथे 'नेव्हर' निवडा. प्रत्येक फाइल नावासकट वेगळी दिसू लागते. विंडोज ११ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हा पर्याय नव्हता. तुमच्याकडे दिसत नसेल तर आधी विंडोज अपडेट करून घ्या.

रोजची फाइल शोधत बसायचीही गरज नाही. पट्टीवरच्या एक्सेलवर राइट क्लिक केलं की अलीकडच्या फाइल्सची यादी येते. हव्या त्या नावाशेजारची पिन दाबली की फाइल तिथेच कायम राहते. यादी रिकामीच येत असेल तर सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन' आणि त्यात 'स्टार्ट' उघडा. 'जंप लिस्ट'चा (म्हणजे याच यादीचा) उल्लेख असलेलं बटण बंद असेल, ते चालू करा.

मराठी नोटिशीसाठी 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडून फोनेटिक कीबोर्ड घ्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी उमटतं. मग पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसते. विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीतून मराठीत जाता येतं. पेन ड्राइव्ह सुरक्षित काढण्याचं चिन्हही याच कोपऱ्यात, छोट्या बाणामागे दडलेलं असतं.

विंडोज ११ मध्ये फाइलवर राइट क्लिक केल्यावर मेनू अपुरा वाटतो. शिफ्ट धरून राइट क्लिक करा, जुना भरगच्च मेनू थेट उघडेल.

तरीही स्टार्ट मेनू उघडत नसेल तर

विंडोज बटण आणि आय दाबून सेटिंग्ज उघडा, 'अकाउंट्स'मध्ये जाऊन नवीन युजर तयार करा आणि त्यातून लॉगिन करून बघा. तिथे मेनू व्यवस्थित चालला तर बिघाड जुन्या युजरच्या प्रोफाइलमध्ये आहे, अख्ख्या विंडोजमध्ये नाही. जुन्या युजरच्या फाइल्स नव्या युजरमध्ये आणा आणि सगळं नीट आलंय याची खात्री होईपर्यंत जुना युजर काढू नका. नव्या युजरमध्येही तीच रड असेल, तर फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मगच दुरुस्तीवाल्याला बोलवा.